शाळेच्या आवारातलं पाणी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शाळांमधल्या पाण्याविषयी प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात आवाहन केलं होतं. आलेल्या पत्रांतून इतर शाळांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न निवडले आहेत. उत्तरांमागची आमची एक अट आधीच सांगतो. मुलांच्या पिण्याच्या, हात धुण्याच्या आणि संडासाच्या पाण्यात कपात करून दाखवलेली बचत आम्ही बचत मानत नाही. संडासात पाणी नसलं की मुली दिवसभर पाणी पिणंच टाळतात. पाणी वाचवायचं ते गळतीतून, वाहून जाणाऱ्या पावसातून आणि एकदा वापरलेलं पाणी दुसऱ्यांदा वापरून.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पट १४०. चार खोल्यांवर सलग स्लॅब आहे, २४ मीटर लांब, साडेसात मीटर रुंद. फेब्रुवारीपासून नळ आटतो आणि टँकरवर भिस्त राहते. स्लॅबवरचं पाणी साठवलं तर भागेल का? टाकी केवढी घ्यावी?
(मुख्याध्यापिका, सांगोला तालुका)

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचा स्लॅब १८० चौरस मीटरचा. सांगोल्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात हिशेब सरासरी पावसावर करू नका, कारण टंचाई नेमकी सरासरीपेक्षा कमी पावसाच्या वर्षीच येते. ४०० मिमी धरा. त्यातलं ८० टक्के हाती लागतं, बाकीचं स्लॅब भिजण्यात, उडण्यात आणि पहिलं पाणी सोडून देण्यात जातं. १८० × ४०० × ०.८ म्हणजे ५७,६०० लिटर.

आता गरज. शाळेच्या वेळात माणशी २ लिटर पिण्याला धरले तर मुलं आणि शिक्षक मिळून ३०० लिटर, पोषण आहार शिजवायला आणखी १५०. रोजचे ४५० लिटर झाले. फेब्रुवारी ते एप्रिलअखेर शाळेचे दिवस साधारण ६५ भरतात, म्हणजे २९,२५० लिटर. तेव्हा टाकी ३०,००० लिटरची पुरे. सगळे ५७,६०० लिटर एका वेळी साठवायची गरज नाही. पावसाळ्यात भरेल ते तेव्हाच वापरा, आणि सप्टेंबरच्या पावसात टाकी काठोकाठ भरली की तोटी थेट फेब्रुवारीत उघडा. मधल्या महिन्यांत नळाचं पाणी आहेच. संडास आणि धुण्यासाठी मात्र हे पाणी पुरणार नाही, ती आशा ठेवू नका.

जमिनीखाली हौद बांधण्यापेक्षा ५,००० लिटरच्या सहा प्लॅस्टिक टाक्या जमिनीवर ठेवाव्यात, असं आमचं मत आहे. स्लॅबच्या उंचीवरून त्या पंपाशिवाय भरतात, एक धुवायला काढली तरी पाच चालू राहतात, आणि यंदा पैसे दोनच टाक्यांचे असतील तर दोनपासून सुरुवात करता येते. तळाशी ९० मिमीच्या पाइपनं जोडा आणि प्रत्येकीला स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह द्या. भरलेली एक टाकी पाच टन वजनाची असते. खाली काळी माती असेल तर ती उकरून काढा, मुरूम भरून चोपा आणि वर १५ सेंमी काँक्रीट घाला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. त्या हालचालीत टाकी फुटत नाही, पण जोड तुटतात आणि रात्रीतून टाकी रिकामी होते.

बहुतेक शाळांत खरी चूक होते ती पाइप आणि फिल्टरमध्ये. तुमच्याकडचा पाऊस वळवाचा, थोड्या वेळात कोसळणारा. तासाला १०० मिमी या वेगानं तो पडला तर १८० चौरस मीटरवरून सेकंदाला ५ लिटर पाणी उतरतं. ११० मिमीचा एक उतरता पाइप साधारण ४० चौरस मीटरचं पाणी पेलतो, म्हणून असे पाच पाइप हवेत. खाली ते १६० मिमीच्या आडव्या पाइपला जोडा आणि त्या पाइपला मीटरला एक सेंमी उतार द्या. आता २०० लिटरच्या पिंपात वाळू, खडी आणि कोळसा भरून केलेला फिल्टर बघा. त्याच्या वाळूचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर, त्यातून सेकंदाला जेमतेम पाऊण लिटर पाणी जातं. बाकीचे सव्वाचार लिटर पिंपावरून बाहेर सांडतात. म्हणजे पाऊस जोरात असतो तेव्हाच फिल्टर पाणी फेकून देतो, आणि वर्षभरात कोळशाचा चिखल होतो तो वेगळाच.

म्हणून टाकीच्या आधी फक्त जाळी ठेवा आणि पहिलं पाणी बाजूला काढा. एक मिलिमीटर पावसाचं पाणी, म्हणजे १८० लिटर, वगळायचं. त्यासाठी २०० लिटरचं झाकणबंद पिंप आडव्या पाइपला टाकीच्या अलीकडे ‘टी’नं जोडा. आधी पिंप भरतं, ते भरल्यावर पाणी पुढे टाकीकडे वळतं. पिंपाच्या बुडाला ४ मिमीचं भोक ठेवा, म्हणजे पुढच्या सरीपर्यंत ते आपोआप रिकामं होतं. हे भोक पाल्यानं बुजलं की पिंप कायम भरलेलं राहतं आणि सगळी घाण टाकीत जाते. दर शनिवारी तिथं तार फिरवा. टाकीची तोटी तळापासून १५ सेंमी वर घ्या, खालचा गाळ हलत नाही.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस भरपूर, पण मार्चमध्ये विहीर तळ गाठते. पन्हळ लावून १०,००० लिटरची टाकी भरली होती. जानेवारीत उघडली तर पाण्याला कुजका वास आणि आत डासांच्या अळ्या. छप्पर मंगलोरी कौलांचं आहे. चूक कुठे झाली?
(शिक्षक, लांजा तालुका)

तीन चुका असाव्यात, आणि तिन्ही दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

पहिली चूक टाकी जूनमध्ये भरण्याची. जूनच्या पावसात कौलांवरचा वर्षभराचा पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा आणि वाळलेलं शेवाळ खाली येतं. कोकणात घाई करायचं कारणच नाही. १२० चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून १०,००० लिटर मिळवायला ११०-१२० मिमी पाऊस पुरतो, आणि तेवढा तुमच्याकडे जोराच्या दोन-तीन दिवसांत होतो. जून-जुलैचं पाणी वाहू द्या, ऑगस्टमध्ये टाकी घासून धुवा आणि सप्टेंबरच्या पावसावर भरा. तोवर छप्पर स्वच्छ धुतलेलं असतं.

दुसरी चूक उजेडाची. टाकीत उजेड शिरला की शेवाळ धरतं, ते मरून तळाशी कुजतं आणि वास येतो. झाकण घट्ट बसत नसेल तर वर पत्रा ठेवा. पातळ पांढऱ्या टाकीला बाहेरून काळा आणि त्यावर पांढरा असे रंगाचे दोन हात द्या. आतला कुजणारा पाला अडवण्यासाठी पन्हळीच्या तोंडाशी जाळी हवी, ती टोपलीसारखी फुगीर बसवा. सपाट जाळीवर दोन पानं चिकटली तरी पाणी अडतं.

तिसरी चूक उघड्या तोंडांची. झाकण बंद असलं तरी डास ओव्हरफ्लोच्या पाइपातून आणि हवेच्या नळीतून आत जातात. दोन्ही तोंडं खाली वळवा आणि एक मिमी भोकांची नायलॉन जाळी तारेनं आवळून बसवा. ऊन-पावसात ती वर्षभरात विरते, दर ऑगस्टला बदला.

पन्हळीबद्दलही थोडं. १६० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ स्वस्त पडते आणि गंजत नाही, पण आधाराच्या पट्ट्या दर ६० सेंमीवर हव्यात. मुसळधार पावसात भरलेली पन्हळ मीटरला ८-१० किलो वजनाची होते, आणि वानरांनी तिच्यावरून उडी मारली की विरळ पट्ट्या निखळतात. आवारातल्या एखाद्या खोलीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते पाणी पिण्याच्या टाकीत घेऊ नका, झाडांना द्या.

शुद्धीकरणासाठी चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला २५ ग्रॅम. चमच्यानं नको, काट्यावर मोजा. बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच टाकीत ओता. अर्ध्या तासानं ओटी टेस्ट करा, म्हणजे नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन तपासा. पिवळा रंग यायला हवा आणि क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली नको. रंग आलाच नाही तर बहुधा पावडर जुनी आहे. उघड्या पिशवीतलं टीसीएल दमट हवेत काही आठवड्यांत निकामी होतं. आणि मोठ्या टाकीत एकदा टाकलेलं क्लोरीन महिनोन्महिने टिकत नाही. उन्हाळ्यात रोज लागेल तेवढंच पाणी ५०० लिटरच्या छोट्या टाकीत काढा आणि रोज तिथं सव्वा ग्रॅम टाका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटीची बाटली असते, त्यांना आठवड्यातून एकदा बोलवा.

प्रश्न : शहरातली शाळा, १,२०० विद्यार्थी, तीन मजले. महापालिकेचं पाणी पुरत नाही, टँकर घ्यावे लागतात. पाणी नेमकं जातं कुठे ते कसं शोधायचं? सगळीकडे पुश कॉक (दाबल्यावर वाहून आपोआप बंद होणारे नळ) बसवावेत का?
(व्यवस्थापन समिती सदस्य, पुणे)

दिवसाच्या शाळेसाठी माणशी ४५ लिटर हे भारतीय मानकातलं माप आहे, म्हणजे तुमच्यासाठी दिवसाला ५४,००० लिटर. तुमचा वापर याहून जास्त असेल तर गळती नक्की आहे. कमी असेल तरी गळती नाही असं समजू नका.

शनिवारी सगळे गेल्यावर गच्चीवरची टाकी भरा, पंप बंद करा, आत येणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि काठीनं पातळी मोजा. सोमवारी सकाळी मुलं येण्याआधी पुन्हा मोजा. समजा टाकीचा तळ २.५ × २ मीटर आहे. मग एक सेंमी म्हणजे ५० लिटर. ३८ तासांत २० सेंमी उतरली तर १,००० लिटर कोणीही न वापरता गेलं. पुढच्या शनिवारी एकेका मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून हेच करा, तीन आठवड्यांत गळका मजला सापडतो. मजल्यांना वेगळे व्हॉल्व्ह नसतील तर पहिला खर्च तोच करा.

सापडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. फ्लशच्या टाकीतला वॉशर झिजलेला असतो. टाकीत चमचाभर हळद कालवा, फ्लश न करता पंधरा मिनिटं थांबा. भांड्यात पिवळं पाणी उतरलं तर वॉशर बदला. दुसरं ठिकाण मुताऱ्यांवरचा भोकं पाडलेला पाइप, जो कोणीतरी सकाळी सुरू करतो आणि संध्याकाळपर्यंत तसाच वाहतो. त्याला प्रत्येक सुट्टीनंतर दोन मिनिटं सोडायचा असा नेम करा. तिसरं गच्चीवरचा फ्लोट व्हॉल्व्ह. त्याची दांडी वाकली किंवा क्षार बसून अडकली की टाकी भरून वाहते, आणि ओव्हरफ्लोचा पाइप मागच्या गटारात सोडलेला असल्यानं कोणालाच कळत नाही. तो पाइप पुढच्या अंगणात, मुख्याध्यापकांच्या खिडकीसमोर आणून सोडा. आम्हाला माहीत असलेल्या उपायांत सगळ्यात स्वस्त हाच आहे.

पुश कॉक सरसकट नको. आपोआप बंद व्हायला त्यांना साधारण ५ मीटर पाण्याचा दाब लागतो. तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर तो मिळतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दोन-तीन मीटरच मिळतो, तिथं कॉक अर्धवट उघडा राहतो आणि साध्या नळापेक्षा जास्त पाणी वाया घालवतो. वरच्या मजल्यावर पाव फेऱ्यात बंद होणारा साधा नळ लावून त्याच्या तोंडाला मिनिटाला ३ लिटरचा एरेटर (हवा मिसळून धार कमी करणारी जाळी) बसवा. साध्या नळातून मिनिटाला ८ ते १० लिटर येतात, १ लिटरची बाटली किती सेकंदांत भरते ते पाहून तुम्हीच तपासा. क्षाराच्या पाण्यात एरेटर महिन्याभरात बुजतो. काढून तासभर लिंबाच्या पाण्यात ठेवला की मोकळा होतो.

फ्लशच्या जुन्या १० लिटरच्या टाकीत वीट ठेवू नका. ती विरघळून कण वॉशरखाली अडकतात. वाळू भरलेली लिटरची बाटली ठेवा आणि भांडं नीट साफ होतंय ना ते आठवडाभर बघा. होत नसेल तर बाटली काढून टाका.

प्रश्न : मधल्या सुट्टीत २०० मुलं एकाच ओट्यावर हात आणि ताटं धुतात. ते पाणी मागे साचून दुर्गंधी येते. शोषखड्डा केला, तो सहा महिन्यांत तुंबला. हे पाणी परसबागेला देता येईल का? जमीन काळी आहे.
(पोषण आहार प्रभारी शिक्षिका, संगमनेर तालुका)

देता येईल, पण थेट नाही. शोषखड्डा का तुंबला ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढची रचनाही तशीच तुंबेल. ताटांच्या पाण्यात भाताची शितं, डाळ आणि तेल असतं. तेलाचा पातळ थर दगड-मातीवर बसला की पाणी मुरायचं थांबतं. त्यात काळी माती मुळातच पाणी पिऊन फुगते आणि छिद्रं मिटवते. जमीन तपासायची असेल तर एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, आदल्या दिवशी पाणी भरून माती भिजू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पट्टी लावा. तासाला अडीच सेंमीसुद्धा पातळी उतरत नसेल तर तिथं शोषखड्डा चालणार नाही. मुरमाड जमिनीत तोच खड्डा वर्षानुवर्षं चालतो.

सुरुवात ओट्यावरून करा. ताटातलं उरलेलं आधी बादलीत निपटायचं, ते गुरांना किंवा कंपोस्टला. मग ताट पहिल्या टबात बुडवून काढायचं आणि नळाखाली फक्त खळबळायचं. हात धुण्यासाठी वेगळा पाइप करा. ५० मिमीच्या पीव्हीसी पाइपला खालच्या बाजूनं एकेका फुटावर २ मिमीची वीस भोकं पाडा, टोकाला आट्यांची एंड कॅप आणि सुरुवातीला एक व्हॉल्व्ह. टाकीची पातळी पाइपाच्या मीटरभर वर असेल तर एका भोकातून मिनिटाला अर्धा लिटर येतं, वीस भोकांतून १० लिटर. हात ओले करताना व्हॉल्व्ह उघडा, साबण चोळताना बंद, धुताना पुन्हा उघडा. पाइप बारीक घेतला तर पहिल्या भोकांतून धार आणि शेवटच्यांतून थेंब येतात, म्हणून ५० मिमीच घ्या. भोकं ३ मिमीची केली तर पाणी दुपटीहून जास्त जातं.

तरीही मुलामागे ३ लिटर धरा. ६०० लिटर, आणि तेही चाळीस मिनिटांत. हा लोंढाच अशा रचनांना बुडवतो. ओट्याच्या तोंडाशी काढता येणारी चाळणी हवी आणि ती रोज रिकामी व्हायला हवी. पुढे ९० × ६० × ६० सेंमीची विटांची चेंबर बांधा, आत सव्वातीनशे लिटर पाणी राहील. पाणी आत येणारा आणि बाहेर जाणारा, दोन्ही पाइपांना ‘टी’ लावून त्यांचं खालचं तोंड पाण्यात ३० सेंमी बुडवा. तेल वर तरंगतं, शितं तळाला बसतात आणि मधलं पाणी पुढे जातं. आठवड्याला वरची साय काढा, महिन्याला तळाचा गाळ. दोन्ही कंपोस्टमध्ये. हे काम कोणाचं ते ठरवून भिंतीवर लिहा, कारण ही चेंबर तुंबते ती विसरल्यामुळेच.

त्यापुढे कर्दळीचा वाफा. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, खडीची खोली ६० सेंमी. काळ्या मातीत प्लॅस्टर भेगाळतं, म्हणून शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा कागद घाला. दोन्ही टोकांना फूटभर रुंदीत मुठीएवढे दगड, मध्ये १० ते २० मिमी खडी, धुतलेली. न धुतलेल्या खडीची भुकटी पहिल्या महिन्यातच तळाशी थर धरते. खडीतल्या पोकळीत सुमारे ७०० लिटर पाणी मावतं, म्हणजे आजचं पाणी दिवसभराहून जास्त आत राहून मग बाहेर पडतं. बाहेरच्या पाइपाला वर-खाली फिरणारा एल्बो लावा आणि पातळी खडीच्या पृष्ठभागाच्या ५ ते १० सेंमी खाली ठेवा. पाणी वर दिसलं की डास आलेच. कर्दळीचे कंद फुटाफुटावर लावा. पहिले दोन महिने पाणी फारसं साफ येणार नाही. मुळं खडीत पसरल्यावरच फरक दिसतो.

निघालेलं पाणी चोवीस तासांच्या आत वापरा, साठवलं तर पुन्हा वास मारतं. केळी, पपई, शेवगा, नारळ, जास्वंद यांना खोडाभोवतीच्या आळ्यात पाचटाखाली द्या. कोथिंबीर, मेथी, मुळा, कांद्याची पात अशा कच्च्या खायच्या भाज्यांना देऊ नका. धुण्याच्या पावडरीतला सोडा काळ्या मातीला चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी, करतो. म्हणून ताटांना द्रव साबण वापरा आणि पावसाळ्यात त्या आळ्यांना हे पाणी बंद करून पावसाचं पाणी मुरू द्या.

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी लक्षात ठेवा. पाणी थांबलं की कर्दळ सुकते आणि जूनमध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. सुट्टीत आठवड्याला सात-आठ बादल्या पाणी त्या वाफ्यात ओतायची जबाबदारी शाळेजवळ राहणाऱ्या कोणाला तरी द्या.

प्रश्न : शाळेच्या आरओ यंत्रातून फेकलं जाणारं पाणी वापरता येतं का?
(शिपाई, नाशिक)

येतं. लहान यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर फेकतं. ते घाण नसतं, फक्त जास्त क्षारांचं असतं. ७०० टीडीएसचं (टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) पाणी आत गेलं तर फेकलेलं ९००च्या आसपास निघतं. फरशी पुसायला आणि संडासात टाकायला चांगलं. त्यासाठी ती नळी थेट संडासाच्या बादल्या भरायच्या पिंपात सोडा. कुंड्यांना कायम देऊ नका, मातीवर पांढरा थर धरतो. पण आधी पाणी तपासून घ्या. टीडीएस ५००च्या आत असेल आणि फ्लोराइड, नायट्रेट प्रमाणात असतील तर आरओची गरजच नाही. साधा फिल्टर आणि यूव्ही पुरतो, आणि एक थेंबही फेकला जात नाही.

प्रश्न : २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. शाळेची बोअर आटत चालली आहे. प्लंबर म्हणतो, गच्चीचा पाइप सरळ बोअरमध्ये सोडू. सोडावा का?
(मुख्याध्यापक, लातूर)

नाही. गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा तुम्ही थेट भूजलात सोडाल, आणि त्याच भूजलातून तुम्ही आणि शेजारचे लोक पाणी पिता. शिवाय गाळानं खडकातल्या भेगा बुजतात. एकदा बुजलेली बोअर पुन्हा मोकळी करणं फार अवघड.

पिण्याची बोअर सोडून आवारातली बंद पडलेली बोअर किंवा जुनी विहीर निवडा. आपला बेसॉल्ट थराथरांचा असतो. वरच्या मुरमाच्या थरात पाणी लवकर मुरतं, पण बोअरला तेवढ्या भागात बहुधा केसिंग, म्हणजे आतून बसवलेला पाइप, असतं. त्यामुळे विहीर असेल तर आधी विहीरच. बोअरच करायची असेल तर तिच्यात टँकरभर पाणी सोडून पाहा. तासाभरातही पातळी खाली जात नसेल तर त्या बोअरवर खर्च करू नका.

बोअर पाणी घेत असेल तर केसिंगभोवती दीड मीटर लांब-रुंद आणि दोन मीटर खोल खड्डा घ्या. खड्ड्यात उघड्या पडलेल्या केसिंगच्या खालच्या मीटरभर भागाला बारीक भोकं पाडून नायलॉन जाळी दोन वेढे गुंडाळा. केसिंगचं वरचं तोंड बंदच ठेवायचं. खड्ड्यात खालून ६० सेंमी मोठे दगड, ४० सेंमी २० मिमी खडी, त्यावर नायलॉन जाळी आणि ४० सेंमी भरड वाळू. वरची ६० सेंमी जागा पाणी साचायला मोकळी. खड्ड्याच्या आधी गाळ बसायला एक चेंबर हवीच. संडासाच्या टाकीपासून हे सगळं किमान १५ मीटर दूर असू द्या. दर मे महिन्यात वाळूचा वरचा ५ सेंमी थर खरवडून नवी वाळू घाला. मैदानाचं मातकट पाणी या खड्ड्यात कधीच नको, फक्त छपराचं. जागा नक्की करण्याआधी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयाला पत्र द्या.

प्रश्न : आश्रमशाळेत ३०० निवासी मुलं-मुली आहेत. अंघोळीचं पाणी नाल्यात जातं आणि संडासाला पाणी नसतं. अंघोळीचं पाणी संडासाला वापरणं सुरक्षित आहे का?
(अधीक्षक, अक्कलकुवा तालुका)

व्यवस्थित केलं तर आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं युनिसेफबरोबर मध्य प्रदेशातल्या आश्रमशाळांमध्ये हेच काम केलं आणि २००७ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली. तुमच्या धार-झाबुआकडच्या शेजाऱ्यांनी ते करून पाहिलेलं आहे.

अंघोळीला माणशी २० लिटर धरले तर ६,००० लिटर होतात. संडासाला माणशी १० लिटर, म्हणजे ३,००० लिटर लागतील. म्हणून निम्म्या पाण्यासाठीच शुद्धीकरण उभारा, उरलेलं गाळून झाडांना द्या. क्रम असा : केस आणि साबणाचे तुकडे अडवणारी चाळणी, गाळ बसायची टाकी, खालून वर जाणारा खडीचा फिल्टर, वरून खाली येणारा वाळूचा फिल्टर, साठवण टाकी. साठवणीत रोज टीसीएल टाका आणि चोवीस तासांपेक्षा जास्त काळ पाणी ठेवू नका. अंघोळीच्या जागी लघवी होते हे धरूनच चाला, म्हणून क्लोरीन टाळू नका. संडासाचं पाणी मात्र या रचनेत कुठूनही येता कामा नये.

सगळ्यात मोठा धोका दोन पाइप एकमेकांना जोडले जाण्याचा. टंचाईत कोणीतरी ‘तात्पुरता’ जोड करतं आणि वापरलेलं पाणी पिण्याच्या टाकीत शिरतं. या पाण्याचे सगळे पाइप एका वेगळ्या रंगानं रंगवा, त्यांना हातानं उघडता येणारा नळ कुठेच ठेवू नका, फक्त फ्लश आणि बादली भरायचा एक कुलूपबंद व्हॉल्व्ह. साठवण टाकी कमी पडली की चांगलं पाणी तिच्यात वरून पडू द्या, पाइपाचं तोंड पाण्याच्या सर्वोच्च पातळीपेक्षा १५ सेंमी वर. पाणी मागे येऊ न देणाऱ्या नुसत्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात खडा अडकला तर तो उघडाच राहतो.

प्रश्न : शाळा सुटताना मुलं बाटलीतलं उरलेलं पाणी रस्त्यावर ओततात. आम्ही काय करू शकतो?
(इयत्ता आठवी, बार्शी)

फाटकाजवळ ५० लिटरचं झाकणाचं पिंप ठेवा, झाकणाला वाटीएवढं भोक पाडून त्यावर जाळी लावा. खाली तोटी हवी. आठवडाभर रोज किती लिटर जमतं ते वहीत लिही, म्हणजे किती रोपांना पुरेल ते कळेल. जमलेलं पाणी त्याच संध्याकाळी झाडांना घाला, आणि शनिवारी पिंप आतून घासून धुवा, उपडं करून उन्हात वाळवा. ओल्या कडेला चिकटलेली डासांची अंडी आठवड्यात अळ्या आणि डास होतात, म्हणून हा शनिवार चुकवायचा नाही. उरलेलं पाणी पिंपात टाकता येतं म्हणून कोणी कमी पाणी पिऊ नये, हेही वर्गात सांग.